कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (जन्म : ८ नोव्हेंबर १९१७, पुणे, मृत्यू : ११ एप्रिल २००१) या कर्करोगावर मूलभूत संशोधन करणाऱ्या भारतीय पेशीशास्त्रज्ञ होत्या. भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभी केली. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांच्या अभ्यासाचे प्रमुख विषय होते. कर्करोगाची पेशी एकटी वाढत नाही, आनुवंशिकता, संप्रेरके, विषाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्या संगतीने ती वाढते, हे सूत्र त्यांच्या जवळजवळ सर्व कामात दिसते. भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या त्या संस्थापक होत्या. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

बालपण आणि शिक्षण

कमल यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. आपल्या सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे याविषयी वडील आग्रही होते. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलींनी शिकावे की नाही यावर पुण्यात अजून वाद चालत असलेल्या काळात या शाळेने अनेक घरांतल्या पहिल्या पदवीधर स्त्रिया घडवल्या. कमल यांच्या घरी मात्र तो वाद नव्हता.

मतभेद होता तो पुढच्या वाटेविषयी. मुलीने वैद्यकाचे शिक्षण घ्यावे आणि डॉक्टर मुलाशी लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. वडिलांच्याच महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि विशेष प्राविण्यासह विज्ञानाची पदवी मिळवली. काही चरित्रपर टिपणांत या पदवीचे वर्ष १९३४ असे दिलेले आढळते, पण त्या वर्षी त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. ते वर्ष पदवीचे नसून महाविद्यालयीन शिक्षणाच्या प्रारंभाचे असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पदवीनंतर त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. तेथे त्यांनी सीताफळ आणि रामफळ ज्या कुळात मोडतात, त्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि १९४३ साली एम.एस्‌सी. पदवी मिळवली. सीताफळाचा कर्करोगाशी वरकरणी काही संबंध दिसत नाही. परंतु पेशी रंगवणे, सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजणे, एका पेशीचे दुसरीशी असलेले साम्य-भेद टिपणे ही सवय त्यांना याच कामाने लागली. मुलीने पेशी पाहाव्यात, ही वडिलांची इच्छा तशी पूर्ण झाली. फक्त त्या पाहण्याची जागा रुग्णालयाचा कक्ष नव्हे, तर प्रयोगशाळेचे टेबल ठरली.

दरम्यान १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी झाला. ते डॉक्टर नव्हते, गणितज्ञ होते. पत्नीच्या पदव्युत्तर अभ्यासाला त्यांनी मनापासून साहाय्य केले. विवाहानंतर हे दांपत्य मुंबईस आले.

खानोलकरांच्या प्रयोगशाळेत

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. रुग्णालयातील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राची एम.डी. पदवी घेऊन आलेले खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे आद्य आचार्य मानले जातात. परदेशी पुस्तकांत वर्णिलेला कर्करोग आणि आपल्याकडच्या रुग्णांत दिसणारा कर्करोग यांत फरक आहे, आणि तो लोकांच्या सवयींतून व राहणीतून आला आहे, हे त्यांनी दाखवले. जळते टोक तोंडात धरून ओढल्या जाणाऱ्या चुट्ट्यामुळे टाळूला होणारा कर्करोग, धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणारा कर्करोग आणि खैनी धरून ठेवण्याच्या जागी होणारा कर्करोग यांविषयीचा त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला.

अशा गुरूच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी पीएच.डी.साठी काम सुरू केले. ते काम उंदरांतील स्तनकर्करोगाविषयीचे होते. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना ही पदवी दिली. डॉक्टर नसलेली, वनस्पतींच्या अभ्यासातून आलेली एक विवाहित स्त्री कर्करोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. खानोलकरांनी तिला प्रवेश दिला, आणि पुढे शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जाण्याचा आग्रहही धरला.

बाल्टिमोर

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा होती. शरीराबाहेर, काचेच्या नळीत, जिवंत पेशी वाढवण्याच्या तंत्रात ती जगात अग्रेसर मानली जाई. मंदगतीने फिरणाऱ्या पिंपात नळ्या बसवून पेशींना आलटून पालटून पोषक द्रव व हवा मिळेल अशी योजना गाय यांनी केली होती. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या अर्बुदातून घेतलेल्या पेशी अखंड वाढत राहिल्या आणि हेला या नावाने जगभर पोहोचल्या. त्या पेशी घेताना तिची संमती घेतलेली नव्हती. हा अन्याय जगापुढे यायला पुढे अनेक दशके जावी लागली.

रणदिवे यांनी गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. अशा प्रशिक्षणानंतर परदेशात स्थिरावणे अशक्य नव्हते. त्या परत आल्या. पुढे परदेशात शिकणाऱ्या अनेक तरुण भारतीय संशोधकांनाही त्यांनी मायदेशी परतण्यास आणि येथेच काम उभे करण्यास प्रवृत्त केले.

मुंबईतील ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक होते. रणदिवे तेथे वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाल्या आणि त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्र व ऊतिसंवर्धन या दोन प्रयोगशाळांची उभारणी केली.

ऊतिसंवर्धन म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण रणदिवे यांच्या कामाचे मोल त्यावरच अवलंबून आहे. प्राण्याच्या किंवा माणसाच्या शरीरातून ऊतीचा लहानसा तुकडा काढून तो निर्जंतुक काचपात्रात ठेवतात. शरीराच्या तापमानाइतकी ऊब, रक्तद्रव, क्षार, शर्करा आणि अमिनो आम्ले यांचे मोजके मिश्रण त्याला पुरवतात. सारे काही जमले तर पेशी काचेला चिकटतात, पसरतात आणि दुभंगू लागतात. एक जिवाणू आत शिरला, पाण्यात धातूचा अंश राहिला किंवा काच नीट धुतली गेली नाही, तर आठवड्यांचे काम वाया जाते. आज हे पोषक द्रव बाटलीबंद विकत मिळतात. १९५०-६० च्या दशकांत परकीय चलनाची टंचाई असताना ते परदेशातून आणणे कठीण होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी रणदिवे आणि त्यांच्या जीवशास्त्र व रसायनशास्त्रातील साहाय्यकांनी ऊतिसंवर्धनाची माध्यमे व त्यांना लागणारी रसायने येथेच तयार केली. चरित्रांत या गोष्टीला एखादेच वाक्य मिळते. परंतु ही माध्यमे नसती, तर बाकीचे संशोधन सुरूच झाले नसते.

उंदरांवरील संशोधन

मनुष्याच्या स्तनकर्करोगाचे कारण शोधण्यासाठी त्यांनी उंदरांचे वेगवेगळे शुद्ध वंश तुलनेसाठी घेतले. काही वंशांतील माद्यांना वयोपरत्वे स्तनाच्या गाठी हमखास होत, काहींना क्वचितच होत. १९३६ साली अमेरिकन संशोधक जॉन बिटनर यांनी दाखवले होते की, अशा गाठी होणाऱ्या वंशाच्या पिल्लांना गाठी न होणाऱ्या वंशाच्या मादीचे दूध पाजले, तर पुढे त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण खूप घटते. दुधातून जाणारा हा घटक म्हणजे एक विषाणू होता. पण विषाणू असूनही सगळ्याच माद्यांना गाठी होत नाहीत. गर्भारपण व संप्रेरके यांचाही त्यात हात असतो, तसाच वंशपरंपरेने आलेल्या गुणांचाही.

रणदिवे यांनी वंश, संप्रेरके आणि विषाणू या तिन्हींचा परस्परसंबंध अभ्यासला. कर्करोग होण्याची प्रवणता या तिन्हींच्या एकत्रित क्रियेतून ठरते, हे त्यांच्या कामाचे फलित होय. स्तनकर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. हा संबंध पुढे मानवी जनुकांच्या अभ्यासातूनही सिद्ध झाला.

त्यांच्या पाठपुराव्यातील आणखी एक विषय महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचणारा होता. सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्काचे प्राण्यांवरील परिणाम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. हे काम १९७६ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुपारीच्या अर्काने उंदरांमध्ये गाठी निर्माण झाल्या. दोष केवळ तंबाखूचा, सुपारी निरुपद्रवी, हा समज त्यामुळे डळमळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे २००४ साली जाहीर केले. जेवणानंतर तबकातून सुपारी पुढे करण्याची पद्धत मात्र अनेक घरांत आजही चालू आहे.

कुष्ठरोगाचा जंतू

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला, पण तो प्रयोगशाळेत वाढवणे कोणालाच जमत नव्हते, आणि कृत्रिम माध्यमात तो आजही वाढत नाही. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात खानोलकर, रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतिसंवर्धनाचा मार्ग वापरून पाहिला. रुग्णांच्या ऊतीतून १९५८ साली वाढवलेल्या या जंतूला संस्थेच्या नावावरून आय.सी.आर.सी. बॅसिलस असे नाव मिळाले. तो हॅन्सन यांचाच जंतू आहे काय, यावर पुष्कळ वाद झाला. पुढील काळात त्याची गणना क्षयजंतूच्या कुळातील एका वेगळ्या गटात करण्यात आली. म्हणजे मूळ अपेक्षा फळाला आली नाही. तरीही हा जंतू निरुपयोगी ठरला नाही. कुष्ठरोगाच्या जंतूशी असलेल्या साम्यामुळे तो शरीराची प्रतिकारशक्ती जागी करू शकत होता. १९७९ साली डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी मृत आय.सी.आर.सी. जंतूंपासून लस तयार केली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले.

कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात रुग्णाच्या त्वचेत फेसाळ दिसणाऱ्या मोठ्या पेशी आढळतात. त्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, म्हणजेच मॅक्रोफेज असतात. जंतू गिळूनही त्यांना ते मारता येत नाहीत, उलट जंतूंना त्यांच्या पोटातच आसरा मिळतो. रक्षकानेच शत्रूला घर द्यावे, असा हा प्रकार आहे. कर्करोगातही त्याचे दर्शन घडते, हे संशोधनाला पुढे उमगले.

कर्करोगातील प्रतिकारपेशी आणि रक्तवाहिन्या

रणदिवे यांनी केंद्रात कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे संशोधन विभाग सुरू केले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या कार्यकारी संचालक होत्या. कर्करोगाच्या संस्थेत प्रतिकारशास्त्राचा विभाग असावा, हे आज स्वाभाविक वाटते. त्या काळी कर्करोगाचे संशोधन मुख्यतः खुद्द बिघडलेल्या पेशीभोवती फिरत होते. पुढील परिच्छेदांत वर्णिलेले संशोधन रणदिवे यांचे नाही, ते त्यांच्या नंतरच्या पिढ्यांचे आहे. मात्र त्यांनी असा विभाग का काढला, हे त्यावरून समजते.

काचपात्रातील पेशीला अन्न आपोआप मिळते, कारण ती पोषक द्रवात बुडालेली असते. शरीरातील गाठीला ही सोय नाही. १९७१ साली अमेरिकन शल्यविशारद जूडा फोकमन यांनी असे मांडले की, गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या मिळवाव्या लागतात. या वाहिन्या आसपासच्या जुन्या वाहिन्यांना फुटव्यासारख्या येतात आणि त्यासाठी रासायनिक निरोप जावा लागतो. असा निरोप नेणारे प्रमुख प्रथिन म्हणजे रक्तवाहिनी-अस्तर वृद्धिघटक. हा निरोप केवळ कर्करोगाच्या पेशीच पाठवत नाहीत.

लिम्फोमा या कर्करोगात हे विशेष स्पष्ट दिसते. लिम्फोमा हा लसीका ग्रंथींमधील लिंफपेशींचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्याच घटकांचा कर्करोग आहे. घसा धरला की गळ्याशी गाठ येते, तेव्हा त्या ग्रंथीत प्रतिकारपेशींची गर्दी होते, त्यांना पुरेसे रक्त मिळावे म्हणून नव्या वाहिन्याही वाढतात, आणि संसर्ग ओसरला की सारे पूर्ववत होते. लिम्फोमात हीच व्यवस्था थांबायचे विसरते. १८३२ साली लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी प्रथम वर्णिलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिम्फोमात, खऱ्या कर्करोगपेशी सबंध गाठीच्या शेकडा एकाच्या आसपास असू शकतात. उरलेली गर्दी भक्षक पेशी, मास्ट पेशी, टी-पेशी आणि इतर निरोगी प्रतिकारपेशींची असते.

या निरोगी पेशी तेथे काय करतात, हा कळीचा प्रश्न आहे. भक्षक पेशींचे एक नेहमीचे काम जखम भरून आणण्याचे असते. त्या मृत पेशी खाऊन जागा साफ करतात आणि नव्या वाहिन्यांना वाढण्याचा निरोप देतात. गाठीत प्राणवायू कमी पडला की त्या तिलाही जखमच समजतात आणि वाहिन्या वाढवणारी प्रथिने सोडतात. मास्ट पेशींच्या दाणेदार पिशव्यांतही अशी द्रव्ये असतात. हॉजकिन सोडून इतर काही लिम्फोमांत मास्ट पेशी जितक्या अधिक, तितक्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही अधिक, असे निरीक्षण आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत भक्षक पेशी अधिक असलेल्या रुग्णांत उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण अधिक आढळले.

वाहिन्यांची वाढ रोखली की लिम्फोमा उपाशी मरेल, असा सरळ निष्कर्ष मात्र खरा ठरला नाही. वाहिन्यांची वाढ रोखणारे बेवासिझुमॅब हे औषध मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात प्रचलित उपचारांच्या जोडीने वापरून पाहिले, तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही आणि हृदयावरील दुष्परिणाम वाढले. एक निरोप अडवला तरी दुसऱ्या वाटेने तो जातो, आणि निरोप देणारे अनेक आहेत.

महिला वैज्ञानिक संघ आणि नवी मुंबई

१९७३ साली रणदिवे यांनी काही सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघाची स्थापना केली. विज्ञान शिकलेल्या मुली लग्नानंतर, मूल झाल्यावर प्रयोगशाळेतून दिसेनाशा होतात, हे त्या रोज पाहत होत्या. म्हणून संघाचे काम केवळ परिषदा आणि व्याख्याने यांवर थांबले नाही. संघाच्या वाशी येथील वास्तूत नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह, मुलांसाठी पाळणाघर, ग्रंथालय आणि आरोग्यकेंद्र चालते. पाळणाघर ही विज्ञानाची गरज आहे, हे ओळखणारी विज्ञानसंस्था त्या काळी विरळाच होती.

१९७० च्या दशकात सिडकोने ठाणे खाडीच्या पूर्वेला वाशी, सारसोळे, नेरूळ अशा आगरी-कोळी गावांच्या परिसरात नवे शहर वसवायला घेतले. त्या शहरात रणदिवे यांच्या कामाच्या दोन खुणा आहेत. एक वाशीतील हा संघ. दुसरी खारघर येथे. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९६६ साली टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडले जाऊन टाटा स्मारक केंद्राचा भाग झाले, पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले गेले, आणि २००२ पासून खारघरच्या प्रशस्त आवारात कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण प्रगत केंद्र, म्हणजेच ॲक्ट्रेक, या रूपाने काम करू लागले. सारसोळ्याचा विद्यार्थी पाम बीच रस्त्याने एका दिशेला गेला तर वाशीच्या संघात पोहोचतो. उलट दिशेने बेलापूर ओलांडले की ॲक्ट्रेक. खारघरचे स्थलांतर पाहायला रणदिवे हयात नव्हत्या.

ग्रामीण भागातील काम

निवृत्तीनंतर त्यांचे लक्ष प्रयोगशाळेबाहेर वळले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात (विदर्भातील अकोला नव्हे) आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्यांनी १९८९ साली गोळा केली. ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्याचे उपक्रमही महिला वैज्ञानिक संघाच्या वतीने चालवले. पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या संशोधिकेने सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यांवर मुलांची वजने-उंच्या टिपायला जावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

सन्मान

भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना १९६४ साली मिळाला. सुवर्णपदक आणि १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातील कामासाठी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय निवृत्त वैद्यक वैज्ञानिक म्हणून नेमले. पद्मभूषणाचा उल्लेख वर आलाच आहे.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्यात त्या सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या दाखवल्या आहेत.